नवा संगणक, जुना हात

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ७१ वर्षांचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन आले. जिल्हा परिषदेतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले, नीटनेटके, हातात कागदपत्रांची पिशवी. केसपेपरवर तक्रार लिहिली होती : विसरभोळेपणा, झोप लागत नाही.

“डॉक्टर, यांना काही आठवेनासं झालंय,” पत्नी म्हणाल्या. “ज्येष्ठ नागरिक संघाचा हिशेब बारा वर्षं हेच बघतात. आता म्हणतात, राजीनामा देतो.”

गृहस्थ खाली बघत हळूच म्हणाले, “माझ्या थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं.”

भावाला स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटी तो घरातल्या माणसांनाही ओळखत नव्हता. रात्रीची झोप का उडाली होती, हे त्या एका वाक्यात कळले.

डॉक्टरांनी त्यांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि कोऱ्या कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितली. घड्याळ व्यवस्थित आले, काटे योग्य जागी बसले. तिन्ही शब्द त्यांनी क्रमाने परत सांगितले. एसटी कुठे बदलली, अर्धे तिकीट किती रुपयांचे पडले, निवृत्तिवेतन किती तारखेला जमा झाले, हेही न अडखळता सांगितले.

“मग विसरता काय?”

“संगणक.”

“कधीपासून?”

“लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून.”

त्या दिवशी पुण्याहून आलेल्या मुलाने घरच्या संगणकावरचे सगळे पुसून नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली होती. तासाभरात सगळे समजावून सांगितले, “बाबा, सोपं आहे हो,” असे म्हणाला आणि भाऊबीज उरकून पुण्याला परत गेला.

घरोघरी हे का घडले?

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभार पाहणारी मूळ प्रणाली. पडदा, कळफलक, माउस, फाइली, छपाई या सगळ्यांची सांगड तीच घालते. जुलै २०१५ मध्ये आलेली विंडोज १० ही प्रणाली दहा वर्षे असंख्य घरांत चालली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला मिळणारा नियमित आधार संपला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत. पण सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे नियमित अपडेट थांबले. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट घेण्याची सोय होती. बऱ्याच घरांत मात्र मुलांनी किंवा दुकानदाराने विंडोज ११ टाकून दिली. जुन्या संगणकांवर ती चालत नाही, म्हणून काहींनी लिनक्सची वाट धरली.

‘जुने चालले होते, तेच राहू द्यायचे होते,’ असे वाटणे साहजिक आहे. पण सुरक्षा अपडेट हे संगणकाचे लसीकरण असते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाचा घातक प्रोग्राम सुमारे दीडशे देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे संगणक त्याने बंद पाडले. हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, ती बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच निघाला होता. अनेक ठिकाणी तो घेतलेला नव्हता. तेव्हा प्रणाली बदलणे योग्यच. प्रश्न आहे तो तिच्याबरोबर राहायला शिकणाऱ्या माणसाचा.

दोन प्रकारची स्मृती

त्या गृहस्थांना वाटत होते, आपण विसरतो आहोत. खरे तर त्यांची अडचण नेमकी उलटी होती. त्यांच्या हाताला जुने फार पक्के आठवत होते.

मेंदूत आठवणींची एकच कोठी नसते. काल जेवायला काय होते, नातवाचा वाढदिवस कधी, या सांगता येणाऱ्या आठवणी तयार करण्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. सायकल चालवणे, पोळी लाटणे, टाइप करणे ही मात्र करून दाखवण्याची स्मृती. ती बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांच्या आधाराने घडते. ती शब्दांत सांगता येत नाही, पण हातात असते.

या दोन स्मृती वेगळ्या आहेत, हे वैद्यकशास्त्राला एका रुग्णामुळे उमगले. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या मेंदूवर तीव्र अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर त्याला नवी घटना लक्षात ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगलाच सराईत झाला. पण हे काम आपण पूर्वी केले आहे, याची त्याला दर वेळी काहीच आठवण नसे. डोक्याला पत्ता नसताना हात शिकला होता.

हाताची ही स्मृती हळूहळू बनते आणि एकदा बनली की सहजासहजी पुसली जात नाही. म्हणूनच ती उपयोगी असते, आणि म्हणूनच कधी आडवी येते. आधी पक्के शिकलेले नंतरच्या शिकण्यात अडथळा आणते, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वर्षानुवर्षे डाव्या मुठीने गिअर टाकत बजाज चेतक चालवलेल्या माणसाला बिनगिअरची स्कूटर द्या. पहिले काही दिवस त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत फळीवर दाबला जातो आणि डावा हात क्लच समजून ब्रेक आवळतो. मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या आईचा हात दिवा लावताना खटका खाली ओढतो, कारण तिकडे दिवा लावायला खटका वर करावा लागतो. सुनेने मिसळणाचे डबे दुसऱ्या फडताळात हलवले, तर सासूबाईंचा हात महिनाभर जुन्याच फडताळाकडे जातो. याला कोणी विस्मरण म्हणत नाही.

डाव्या कोपऱ्यातले बटण

संगणकाचेही तसेच आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण बसवले. पुढची अनेक वर्षे जगभरातले हात त्या कोपऱ्याकडे वळत राहिले. २०१२ मध्ये विंडोज ८ ने ते बटण काढून टाकले. तक्रारी इतक्या झाल्या की पुढच्याच वर्षी ते परत आणावे लागले. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने ते कोपऱ्यातून उचलून मधल्या चिन्हांच्या रांगेत ठेवले.

बटण चार बोटे सरकले तर एवढे काय बिघडले, असे तरुणांना वाटेल. पण कोपऱ्याची एक खुबी आहे. माउस कितीही जोरात ढकलला तरी बाण पडद्याच्या कडेला अडतो. म्हणजे न बघताही नेम लागतो. मध्ये ठेवलेल्या बटणावर नेम धरावा लागतो. शिवाय उघडलेली कामे वाढली की मधली रांग पसरते आणि ते बटण थोडे डावीकडे सरकते. जे काम हात न बघता करत होता, ते आता डोळ्यांनी आणि डोक्याने करावे लागते. थरथरणाऱ्या हाताला आणि चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हे जास्त जड जाते.

या गृहस्थांची गोष्ट आणखी पुढची होती. तरुणपणी त्यांनी मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा दिली होती. टाइपरायटरवरची रेमिंग्टन पद्धतीची अक्षररचना त्यांच्या बोटांत पन्नास वर्षे मुरलेली. जुन्या संगणकावर तीच रचना बसवलेली होती. नव्या प्रणालीत मराठी होती, पण कळफलक इनस्क्रिप्टचा. इनस्क्रिप्ट ही रचना केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. रचना शास्त्रशुद्ध आहे. पण रेमिंग्टन मुरलेल्या बोटांना ती परकीच. त्यांनी ‘सभासद’ टाइप करायला घेतले की पडद्यावर भलतेच उमटे.

त्याहून मोठा धक्का बसला जुना जमाखर्च उघडल्यावर. बारा वर्षांच्या नोंदी, आणि मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस यांची खिचडी. आपल्या हातून संघाचे दप्तर खराब झाले, अशी त्यांची खात्री पटली. दोन रात्री ते जागे होते. मुलाला फोन करायलाही लाज वाटली, कारण दिवाळीत त्याने सगळे समजावून सांगितले होते आणि यांनी मान डोलावली होती.

एक तासात चौदा गोष्टी

माणूस एका वेळी मनात थोड्याच नव्या गोष्टी धरून ठेवू शकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये हा आकडा सातच्या आसपास सांगितला. पुढच्या संशोधनाने तो चारपर्यंत खाली आणला. मुलाने तासाभरात चौदा गोष्टी दाखवल्या असतील, तर त्यातल्या दहा वाहून गेल्या यात नवल नाही. त्यात दाखवताना माउस मुलाच्या हातात होता. बघून डोक्याला थोडे कळते, पण हाताची स्मृती करूनच बनते.

वय वाढते तसा शिकण्याचा वेग मंदावतो, हे खरे आहे. पण शिकण्याची क्षमता संपत नाही. ताणाखाली किंवा घाईत मेंदू विचार करून वागण्याऐवजी जुन्या सवयीकडे झुकतो. म्हणूनच कोणी पाठीशी उभे राहून “अहो, तिथे नाही, तिथे!” असे म्हणू लागले की चूक हमखास होते. चूक झाली की माणूस घाबरतो, आणि घाबरला की पुन्हा जुन्याच कोपऱ्यात जातो. हे चक्र चार-सहा वेळा फिरले की तो संगणक झाकून ठेवतो आणि स्वतःला म्हातारा ठरवून मोकळा होतो.

खरे नुकसान इथे होते. हिशेब सोडला की संघात जाणे कमी होते. संघ सुटला की बोलणे, चालणे, चारचौघांत बसणे सुटते. एकटेपणा आणि मेंदूला काम नसणे या गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या मानल्या जातात. ज्या आजाराच्या भीतीने माणूस मागे हटतो, त्याच आजाराला तो वाट करून देतो.

मग काळजी कधी करायची?

एक साधी कसोटी लक्षात ठेवावी. बदललेल्या गोष्टीत अडखळणे ही बहुधा सवयीची अडचण असते. न बदललेल्या गोष्टीत अडखळणे हे तपासण्याचे कारण असते.

रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, तोच प्रश्न तासाभरात तीन-चारदा विचारणे, वर्षानुवर्षे केलेल्या भाजीची कृती मध्येच हरवणे, ओळखीच्या वस्तूंची नावे न आठवणे, पैशांच्या साध्या व्यवहारात नव्याने चुका होणे, स्वभावात न शोभणारा बदल होणे, अशा खुणा काही महिन्यांत वाढत असतील तर डॉक्टरांना दाखवावे. विस्मरणाची प्रत्येक तक्रार म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे स्राव कमी असणे, नैराश्य, ऐकू कमी येणे, अपुरी झोप, काही औषधे यांमुळेही माणूस विसरतो, आणि यांतल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. मात्र बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले, हातापायातली ताकद गेली किंवा दोन-चार दिवसांत भान हरपल्यासारखे वागणे सुरू झाले, तर वाट न बघता रुग्णालय गाठावे.

सवय लागायला किती दिवस?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एक नवी रोजची सवय लावून घ्यायला सांगितले; कोणी जेवणाबरोबर फळ खायचे, कोणी थोडे धावायचे. ती सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्य ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ लागतील असा अंदाज आला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. हा अभ्यास संगणकाचा नव्हता, पण धडा लागू पडतो : चार दिवसांत जमले नाही म्हणून स्वतःला नापास करू नये.

काही गोष्टींनी हा काळ सुसह्य होतो. हाताला जे जुने हवे आहे आणि मिळू शकते, ते आधी परत द्यावे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधल्या ‘पर्सनलायझेशन’मध्ये जाऊन टास्कबार पुन्हा डावीकडे लावता येतो. पूर्वीचा मराठी कळफलक बहुतेक वेळा नव्या प्रणालीतही बसवता येतो. ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये अक्षरे आणि माउसचा बाण मोठा करता येतो. हात थरथरत असेल तर डबल क्लिकचा वेग कमी ठेवावा.

शिकताना दिवसाला एकच काम घ्यावे : आज फाइल उघडणे, उद्या छापणे. रोज वीस मिनिटे पुरेत, आणि माउस शिकणाऱ्याच्याच हातात असावा. रात्रीची झोप नीट हवी, कारण दिवसा शिकलेले कौशल्य झोपेत पक्के होते. पायऱ्या स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या अक्षरात वहीत लिहाव्यात. मुलांनी छापून दिलेल्या कागदापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडते.

नवे शोधताना माणूस पडद्याकडे टक लावून बघतो आणि पापण्या कमी मिटतात. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी सुमारे वीस फुटांवर वीस सेकंद बघावे आणि आठवणीने पापण्या मिटाव्यात. वाचण्याचा आणि लांबचा नंबर एकाच काचेत असेल, तर पडदा वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. पडदा थोडा खाली घ्यावा, किंवा दोन फुटांच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची. पडद्यावर सगळेच नवे असते तेव्हा खरा इशारा कोणता आणि फसवा कोणता, हे ओळखणे अवघड जाते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असे आले, तर फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. कोणाच्या सांगण्यावरून काही डाउनलोड करू नये, ओटीपी देऊ नये. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे थांबवण्याची शक्यता जास्त.

आणि मुलांसाठी एकच विनंती. नवी प्रणाली टाकण्याआधी आईवडील रोज काय करतात ते शेजारी बसून बघा. कोणता कळफलक, कोणते फॉन्ट, कोणती चिन्हे कुठे, हे लिहून घ्या. परत निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आणि त्यांनी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारली, तर चौथ्यांदा सांगा. तुम्हाला बुटाची नाडी बांधायलाही एका दिवसात आली नव्हती.

त्या गृहस्थांचे रक्ताचे अहवाल ठीक आले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पत्नीनेच मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “बाबा, दप्तराला काही झालेलं नाही. जुना मराठी फॉन्ट टाकायचा राहिला, चूक माझी.” फॉन्ट बसवल्यावर बारा वर्षांचा जमाखर्च जसाच्या तसा दिसू लागला. रेमिंग्टनचा कळफलकही परत आला.

दोन महिन्यांनी ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले, तेव्हा पिशवीत संघाच्या सभेची टाइप केलेली सूचना होती. झोप लागते का, असे विचारल्यावर म्हणाले, “लागते. पण हात अजून डाव्या कोपऱ्यात जातो.” मुलाने टास्कबार डावीकडे लावून देतो म्हटले, तर यांनीच नको सांगितले होते.

“जाऊ दे की,” पत्नी म्हणाल्या. “परत आणायला वेळ आहे आपल्याला.”